सवलत गाडीला नको, वेळेला द्या

नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या ईशान्य कोपऱ्यात बर्टी, हर्टफर्ड, नॉर्थहॅम्प्टन या कौंट्या आहेत. शेंगदाणा, कापूस, तंबाखूची शेती, लांब लांब विखुरलेली घरं आणि रस्त्याकडेच्या लाकडी पोलवर एकेक छोटा डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर. आपल्याकडे एका डीपीवर अर्धी वस्ती किंवा वीस-पंचवीस मोटरा असतात. अमेरिकेच्या ग्रामीण भागात दहा-पंधरा केव्हीए क्षमतेच्या डीपीवर एक, फार तर दोन-तीन घरं असतात. अशा घरातल्या माणसाने इलेक्ट्रिक गाडी घेतली आणि संध्याकाळी सहाला कामावरून येऊन लगेच चार्जिंगला लावली, तर ती गाडी एकटी सात ते नऊ किलोवॉट ओढते. त्याच वेळी विजेवर घर तापवणारा हीट पंप, गिझर, शेगडी चालू असते. शेजाऱ्यानेही गाडी घेतली की डीपी बदलायची वेळ येते.

तो डीपी कोणाच्या पैशाने बदलायचा? या भागात वीज पुरवणारी संस्था भागधारकांची कंपनी नाही, सभासदांची सहकारी संस्था आहे. म्हणजे खर्च सगळ्यांच्या बिलात वाटला जाणार. ज्या म्हातारीकडे वीस वर्षं जुनी पेट्रोलची गाडी आहे आणि नवी कधीच येणार नाही, तिच्याही बिलात. मग ग्रामीण वीज सहकारी संस्थांनी इलेक्ट्रिक वाहनांच्या मागे उभं राहावं का? माझं उत्तर ठाम ‘हो’ आहे. पण आज बऱ्याच संस्था ज्या पद्धतीने उभ्या राहतात, म्हणजे गाडी घेणाऱ्याच्या हातात काहीशे डॉलरचा चेक ठेवतात, ती पद्धत मला चुकीची वाटते.

या संस्था मुळात का निघाल्या, तिथून सुरुवात करायला हवी. १९३५ साली अमेरिकेतल्या दर दहा शेतघरांपैकी जेमतेम एका घरात वीज होती. शहरात ती नव्वद टक्के घरांत पोचली होती. खासगी वीज कंपन्यांचा हिशेब सरळ होता: मैलभर तार ओढायची आणि दोन-तीन गिऱ्हाइकं मिळवायची, हे परवडत नाही. ११ मे १९३५ रोजी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी ग्रामीण विद्युतीकरणासाठी स्वतंत्र यंत्रणा उभी केली, पुढच्या वर्षी कायदा झाला आणि कमी व्याजाची दीर्घ मुदतीची कर्जं मिळू लागली. ती घ्यायला पुढे आले ते शेतकरी. शेजारपाजारच्यांनी पाच-पाच डॉलर भरून संस्था काढल्या, पोल रोवायला जमिनी दिल्या, खड्डे स्वतः खणले. आज अशा नऊशेच्या आसपास संस्था आहेत, सव्वाचार कोटींच्या आसपास लोकांना त्या वीज देतात आणि देशाचा अर्ध्याहून जास्त भूभाग त्यांच्या तारांखाली आहे.

पण १९३५ चं गणित संपलेलं नाही. या संस्थांना मैलामागे सरासरी आठ ग्राहक मिळतात, खासगी कंपन्यांना तीसच्या पुढे. पोल, तार, वायरमन, वादळानंतरची दुरुस्ती, तारेवर येणारी झाडं छाटणं, हा सगळा खर्च मैलावर होतो. तो आठ घरांनी उचलायचा. त्यात तरुण मुलं शहराकडे जातात, गिरण्या बंद पडतात, नवे दिवे कमी युनिट खातात. विक्री जागच्या जागी राहते आणि खर्च वाढतो, मग दर वाढवावा लागतो. दर वाढला की सगळ्यात आधी ज्याचं घर जुनं आणि गळकं, म्हणजे फटींतून उष्णता निसटणारं आहे त्याला चटका बसतो.

इथे इलेक्ट्रिक गाडी कामाला येते. वर्षाला बारा हजार मैल चालणारी गाडी साधारण साडेतीन ते चार हजार युनिट वीज घेते. अमेरिकी घराचा वर्षाचा वापर साडेदहा हजार युनिटच्या आसपास असतो. म्हणजे एक गाडी म्हणजे एक तृतीयांश घर. तेच पोल, त्याच तारा, तोच वायरमन, आणि त्यावर एक तृतीयांश घराची जास्तीची विक्री. संस्थेच्या हाती जी शिल्लक राहते ती वापराच्या प्रमाणात प्रत्येक सभासदाच्या नावावर जमा होते आणि काही वर्षांनी परत दिली जाते. आपल्याकडे दूध संघ दिवाळीच्या तोंडावर दर फरक वाटतो, त्याच जातकुळीची ही व्यवस्था आहे. खासगी कंपनीत ही शिल्लक भागधारकाकडे जाते.

मात्र हे सगळं एका अटीवर खरं आहे. गाडी कधी चार्ज होते, यावर.

बहुतेक संस्था स्वतः वीज तयार करत नाहीत. त्या घाऊक वीज विकत घेतात आणि घाऊक बिलाचा मोठा भाग युनिटवर नसून महिन्यातल्या सर्वात चढ्या मागणीच्या तासावर ठरतो. त्या एका तासात संस्थेचे सभासद मिळून किती किलोवॉट ओढत होते, त्यावर पैसे. नॉर्थ कॅरोलायनात हा तास हिवाळ्यात अनेकदा सकाळी सहा-सातला येतो, कारण घरं विजेवर तापतात. २४ डिसेंबर २०२२ च्या कडाक्याच्या सकाळी तिथल्या ड्यूक एनर्जी या बड्या कंपनीला मागणी झेपली नाही आणि नाताळच्या आदल्या दिवशी सुमारे पाच लाख ग्राहकांची वीज आळीपाळीने बंद करावी लागली. आपल्याला भारनियमन नवं नाही, पण त्या कंपनीच्या इतिहासात असं प्रथमच घडलं. त्या तासाला प्लगला लावलेली गाडी सगळ्या सभासदांचं बिल वाढवते. तीच गाडी रात्री अकरा ते पहाटे पाचमध्ये चार्ज झाली, तर पडून असलेली तार कामाला लागते आणि सगळ्यांचा वाटा हलका होतो. गाडी तीच, बॅटरी तीच, युनिटही तेवढेच. फरक फक्त घड्याळाचा.

म्हणून मी म्हणतो, सवलत गाडीला देऊ नका, वेळेला द्या. खरेदीचा चेक दिला की संस्थेचं त्या गाडीवरचं नियंत्रण तिथेच संपतं. तो माणूस संध्याकाळी सहाला प्लग लावतो की रात्री बाराला, याच्याशी चेकचा संबंध उरत नाही. शिवाय नवी इलेक्ट्रिक गाडी घेणारा सभासद बहुधा खाऊनपिऊन सुखी असतो, आणि चेकचे पैसे सर्वांच्या बिलांतून आलेले असतात. गरिबाच्या खिशातून श्रीमंताच्या गाडीला हातभार, हा आक्षेप ग्रामीण सभासद उघड बोलून दाखवतात. तो आक्षेप खरा आहे. ‘पर्यावरण’ हा शब्द उच्चारून तो बाजूला सारता येत नाही.

हा प्रश्न आत्ताच नीट सोडवायला हवा, कारण केंद्र सरकारची साडेसात हजार डॉलरची करसवलत ३० सप्टेंबर २०२५ नंतर बंद झाली. आता ती पोकळी संस्थांनी भरून काढावी, असा आग्रह ग्राहक आणि गाडी विकणारे दोघेही धरतील. संस्थेने तो मोह टाळावा. तिच्याकडे वॉशिंग्टनसारखी तिजोरी नाही. पण वॉशिंग्टनकडे जे कधीच नव्हतं ते तिच्याकडे आहे: प्रत्येक घराच्या भिंतीवरचा मीटर, तासातासाचा वापर मोजणारा. स्मार्ट मीटर बसवण्यात अमेरिकेतल्या ग्रामीण संस्था बऱ्याच खासगी कंपन्यांच्या पुढे होत्या. मैलोन्‌मैल गाडी हाकून रीडिंग घ्यायला माणूस पाठवणं त्यांनाच सर्वात महाग पडत होतं. रात्रीच्या तासांसाठी वेगळा, खरोखर स्वस्त दर लावणं, आणि चार्जर बसवायला मदत हवी असेल तर ‘गर्दीच्या तासात आम्ही तो दूरून मंद करू’ ही अट मान्य करून घेणं, एवढं त्या मीटरमुळे शक्य होतं. असं करणाऱ्या संस्था आहेत. मिनेसोटात डकोटा इलेक्ट्रिकसारख्या संस्था गाडीसाठी वेगळा मीटर आणि रात्रीचा कमी दर बरीच वर्षं देत आल्या आहेत.

ज्यांना गाडी परवडतच नाही त्यांचं काय, याचं सर्वात प्रामाणिक उत्तर मला वर ज्या कौंट्यांचा उल्लेख केला तिथेच सापडतं. अहॉस्की गावातली रोअनोक ही संस्था लहान आहे, ग्राहक चौदा हजारांच्या आसपास. राज्यातल्या सर्वात गरीब भागांपैकी हा एक. कृष्णवर्णीयांची संख्या मोठी. या संस्थेने आधी गळकी घरं हातात घेतली. छताला-भिंतीला उष्णतारोधक थर, फटी बुजवणं, चांगला हीट पंप, या कामाचा खर्च आधी संस्था उचलते आणि सभासद तो बिलातून फेडतो. अट अशी की महिन्याचा हप्ता होणाऱ्या बचतीपेक्षा कमीच असला पाहिजे. हे कर्ज माणसाच्या नावावर चढत नाही, मीटरला जोडलेलं राहतं. त्यामुळे ज्याची बँकेत पत नाही त्यालाही, अगदी भाडेकरूलाही, ते मिळू शकतं. याच संस्थेने गावोगाव इंटरनेटची फायबर नेण्याचं काम काढलं, आणि कृष्णवर्णीय कुटुंबांच्या वडिलोपार्जित जंगलजमिनी कागदपत्रांअभावी हातच्या जाऊ नयेत म्हणून कायदेशीर मदतीचा कार्यक्रमही चालवला. वीज विकणाऱ्या संस्थेने जमिनीच्या वारसाहक्कात कशाला पडावं, असं कोणी विचारेल. पडावं, कारण जमीन गेली की घर जातं आणि घर गेलं की सभासद जातो.

इलेक्ट्रिक गाडीकडे ही संस्था वळली तीही याच बाजूने. फर्माटा एनर्जी या कंपनीच्या मदतीने तिने आपल्या निसान लीफ गाड्यांवर एक प्रयोग केला. चार्जर दोन्ही बाजूंनी चालणारा: रात्री गाडीत वीज भरायची आणि मागणीच्या चढत्या तासाला तीच गाडीतून परत तारेत सोडायची. अलीकडच्या लीफची बॅटरी ४० युनिट किंवा त्याहून मोठी असते, आणि साधारण अमेरिकी घर दिवसाला तीसच्या आसपास युनिट वापरतं. उभ्या गाडीत एका घराची दिवसभराची वीज आहे, आणि घाऊक बिल ठरवणाऱ्या तासाला ती उपलब्ध झाली तर वाचलेला पैसा सगळ्यांचा. ज्याच्या दारात गाडी नाही त्याचाही. बॅटरी लवकर झिजेल ही भीती रास्त आहे. पण हा तास रोज येत नाही. महिन्यातून मोजक्या वेळा अशी वीज घेतली तर झिजेच्या तुलनेत मोबदला देता येतो, आणि तो मोबदला गाडीच्या मालकाला बिलात स्पष्ट दिसला पाहिजे.

वैयक्तिक गाड्यांपेक्षाही मला शाळेची बस जास्त महत्त्वाची वाटते. कोलोरॅडोत दुरँगो गावी ला प्लाटा इलेक्ट्रिक या संस्थेने शाळेसोबत असाच दुहेरी चार्जरचा प्रयोग इलेक्ट्रिक बसवर केला. बस सकाळी आणि दुपारी धावते, रात्रभर उभी असते, उन्हाळ्याची पूर्ण सुट्टी उभी असते. बॅटरी गाडीच्या दुप्पट-तिप्पट. आणि तिच्यात गावातल्या सगळ्यांची मुलं बसतात. डिझेलच्या धुरात बसस्टॉपवर उभं राहणारी मुलं कोणत्याही एका उत्पन्नगटाची नसतात. संस्थेला हात सैल सोडायचा असेल तर तो इथे सोडावा.

दुसरी जागा म्हणजे गावातला जलद चार्जर. २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्याने पाच अब्ज डॉलर दिले, पण २०२५ पर्यंत नियम असा होता की महामार्गावर दर पन्नास मैलांवर, बाहेर पडण्याच्या फाट्यापासून मैलभरात. आडवाटेच्या गावात हे पैसे सहसा पोचले नाहीत, आणि खासगी चार्जर कंपनीही येणार नाही. दिवसाला दोन गाड्या आल्या तर त्या चार्जरचं बिल सुटत नाही. १९३५ साली कंपन्यांनी जे उत्तर दिलं, तेच उत्तर. तेव्हा ज्यांनी पोल रोवले, त्यांच्याच संस्थेने आता किराणा दुकानासमोर, ग्रंथालयाच्या आवारात एक चार्जर उभा करावा, हे मला केवळ योग्य वाटत नाही, तिच्या स्थापनेच्या उद्देशातच ते बसतं. गावातला पेट्रोल पंप हाच बऱ्याचदा किराणा दुकानही असतो. त्या दुकानदाराला विरोधक मानू नये, पहिला चार्जर त्याच्याच अंगणात बसवावा.

आता सर्वात अवघड आक्षेप. या संस्थांना मिळणारी घाऊक वीज बऱ्याच ठिकाणी कोळशाची आहे, आणि करार लांबलचक. पश्चिमेकडच्या ट्राय-स्टेट या घाऊक पुरवठादार संघाचे करार २०५० पर्यंतचे होते, आणि सभासद संस्थेला स्वतःची वीज फक्त पाच टक्के तयार करायची मुभा. अशा ठिकाणी इलेक्ट्रिक गाडी म्हणजे धुराची जागा बदलणं, असं म्हणणाऱ्यांना मी थोडंफार मान्य करतो. कोळशाच्या विजेवरही इलेक्ट्रिक गाडी सहसा पेट्रोलपेक्षा कमी कर्ब सोडते, पण संस्थेने तेवढ्यावर समाधान मानू नये. न्यू मेक्सिकोतल्या ताओस गावच्या किट कार्सन संस्थेने मानलं नाही. २०१६ साली तिने ट्राय-स्टेटला ३ कोटी ७० लाख डॉलर मोजून करार मोडला. तेव्हा बऱ्याच जणांना तो वेडेपणा वाटला. २०२२ पर्यंत उन्हाच्या तासांत तिची गरज पूर्णपणे सौर विजेवर भागू लागली होती. तिथे गाडी चार्ज करायची योग्य वेळ रात्रीची नाही, भर दुपारची आहे. वेळ गावागणिक वेगळी असते, म्हणून ती ठरवायचा अधिकार गावाच्या संस्थेकडे हवा.

पण अधिकार असणं आणि तो वापरला जाणं यांत अंतर आहे. अमेरिकेतल्या बऱ्याच संस्थांत संचालकांच्या निवडणुकीला दहा टक्केही सभासद मतदान करत नाहीत. तेच ते संचालक वर्षानुवर्षं निवडून येतात. संस्था आपली आहे हेच अनेक सभासदांना ठाऊक नसतं. ते तिला वीज कंपनीच समजतात. रात्रीचा दर किती असावा, चेक द्यावा की बस घ्यावी, हे वार्षिक सभेत ठरायला हवं, आणि त्या सभेला लोक भोजनापुरते येतात. हे बदललं नाही तर वर लिहिलेलं सगळं एखाद्या चांगल्या व्यवस्थापकाच्या मर्जीवर राहतं.

या कथेचा एक धागा थेट आपल्या दारात येतो. अमेरिकी संस्थांच्या राष्ट्रीय संघटनेतले तज्ज्ञ साठच्या दशकात भारतात आले आणि त्यांच्या सल्ल्याने पाच प्रायोगिक ग्रामीण वीज संस्था निघाल्या: तेव्हाच्या आंध्रात सिरिसिल्ला, गुजरातेत कोडिनार, कर्नाटकात हुक्केरी, उत्तर प्रदेशात लखनौजवळ एक आणि महाराष्ट्रात श्रीरामपूरची मुळा-प्रवरा. श्रीरामपूर, राहुरी आणि आजूबाजूच्या तालुक्यांतल्या पावणेदोनशेच्या वर गावांना मुळा-प्रवरेने चाळीस वर्षं वीज दिली. ३१ जानेवारी २०११ ला तिचा परवाना संपला आणि कारभार महावितरणकडे गेला. खरेदी केलेल्या विजेची थकबाकी तोवर दोन हजार कोटींच्या पुढे गेल्याचं सांगितलं जात होतं. राजकारण होतं, अनुदानाचे आणि खरेदी दराचे वाद होते. पण मला मुळाशी दिसतो तो मीटर. संस्था वीज मोजून घेत होती आणि शेतीपंपांना अश्वशक्तीवर, न मोजता देत होती. किती युनिट कुठे गेले हेच कळत नसेल तर मालकी कोणाचीही असो, हिशेब जुळणार नाही. बेळगाव जिल्ह्यातली हुक्केरीची संस्था मात्र आजही चालू आहे आणि तिची निवडणूक चुरशीने लढवली जाते. सिरिसिल्लाही चालू आहे. म्हणजे सहकारातली वीज आपल्या मातीत रुजतच नाही, हे म्हणणं टिकत नाही.

महाराष्ट्रात नवी वीज संस्था लगेच निघेल असं मला वाटत नाही, आणि त्याची वाट पाहायची गरजही नाही. एप्रिल २०१८ मध्ये केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने स्पष्ट केलं की वाहन चार्ज करून देणं ही सेवा आहे, वीजविक्री नाही, आणि त्यासाठी वितरणाचा परवाना लागत नाही. म्हणजे साखर कारखाना, दूध संघ, विकास सोसायटी, कोणीही चार्जर उभारू शकतं. कारखान्याच्या आवारात सहवीजनिर्मिती आहे, गळीत हंगामात बगॅसची वीज आहे. दूध संघाच्या शीतकरण केंद्रावर तीन फेज कनेक्शन आहे, आणि सकाळी दूध घालून रिकामा झालेला टेम्पो दुपारभर उभाच असतो. सौर विजेमुळे आपल्याकडे दुपारचे तास स्वस्त होत चालले आहेत. महावितरणच्या दरातही दिवसाच्या तासांना सूट आली आहे. त्या टेम्पोला दुपारी वीज, त्याच आवारात सभासदाच्या दुचाकीला वीज, आणि उरलेली शिल्लक वर्षअखेरीला दर फरकात. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत दूध संघाच्या सभासदांनी संचालकांना दोन गोष्टी विचाराव्यात: शीतकरण केंद्राचा मंजूर भार किती किलोवॉट आहे, आणि दुपारी बारा ते चार त्यातला किती वापराविना पडून असतो? आकडा त्याच सभेत इतिवृत्तात लिहून घ्यावा.